साबुदाण्याची साखर

विकास नगर, लखनौ
महाशिवरात्रीनंतरचा रविवार, १९९८

ती. चंद्रप्रभा आत्यास,

लखनौहून सुजयचा साष्टांग नमस्कार. (गच्चीवर उन्हात पालथा पडून लिहितो आहे, त्यामुळे या खेपेचा साष्टांग खराखुरा आहे. अक्षर वाकडं दिसलं तर ते कोपराशी वाळत घातलेल्या आईच्या बटाट्याच्या पापडांमुळे, संस्कारांमुळे नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? कराडात आता थंडी सरली असेल. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की वैद्यांनी दिलेलं तेल गुडघ्यांपेक्षा मांजराला जास्त मानवलं. तर तेल बंद कर आणि मांजर ठेव. (हा सल्ला मी धंद्याच्या नात्याने देतो आहे. कुठला धंदा ते पुढे येईल.)

इकडे सगळे मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. आई बरी आहे. अवनी कॉलेजला जाते, आणि आपण मराठीत काहीही विचारलं तरी हिंदीत उत्तर देते. काल आईने "जेवलीस का गं" विचारलं तर म्हणाली, "हाँ यार मम्मी, खा लिया," आणि आई त्या "यार"पाशी बराच वेळ उभी राहिली. बाबा तर फारच मजेत. रिटायर होऊन वर्ष होत आलं तरी बख्शी का तालाबच्या एअर फोर्स स्टेशनवर असताना उठायचे तसेच पहाटे उठतात आणि परेड असल्यासारखे फिरून येतात. वजन उतरलं म्हणून खूश आहेत. पट्ट्याला खिळा तापवून नवीन भोक पाडलंय, आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला मेडल दाखवावं तसं दाखवतात. पाणी मात्र इतकं पितात की स्वयंपाकघरातला माठ संध्याकाळपर्यंत टिकत नाही, आणि त्याचा आळ अवनीवर येतो. ("मैंने क्या किया," असं ती म्हणते. खरंच तिने काही केलेलं नसतं.) असो. बाबांचं पुढे येणारच आहे, या पत्रात त्यांच्यापासून सुटका नाही.

आत्या, मी बुडालो आहे. हे वाक्य तू माझ्या पत्रांत पूर्वी वाचलेलं आहेस, मला माहीत आहे. पुण्याच्या हॉटेलच्या कोर्समधून मी बुडालो (तिथे मला कांदा बारीक चिरायला लावला आणि मी विचार करत बसलो की कांदा पहिल्यांदा खाणारा माणूस कोण असेल, तेवढ्यात सत्र संपलं). कानपूरला चामड्याच्या पाकिटांच्या दलालीत बुडालो. हरिद्वारहून बद्रीनाथला यात्रेकरू नेणाऱ्या बसवर मी टूर मॅनेजर होतो, तिथे जोशीमठला चहा प्यायला उतरलो, एका साधूबरोबर दूध नासण्याच्या कारणांवर बोलणं रंगलं, आणि बस मॅनेजरशिवाय बद्रीनाथला पोचली. (यात्रेकरूंची काही तक्रार नव्हती. तेच जास्त लागलं.) पण ती सगळी बुडणी मला नको असलेल्या पाण्यातली होती. या वेळी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी व्हावंसं वाटलं, ते जवळजवळ हाताशी आलं, आणि साबुदाण्याने घात केला. तू अण्णाआजोबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांचं सगळं केलंस, त्यामुळे दुखण्याखुपण्याचं बोलायचं तर आपल्या घरात तुझ्याशीच बोलता येतं. म्हणून सविस्तर लिहितो. चहा घेऊन बस.

मागच्या पावसाळ्यात मला ताप आला म्हणून मी आमच्या विकास नगरातल्या डॉक्टर रस्तोगींच्या दवाखान्यात गेलो. हे मोठे हुशार गृहस्थ आहेत, पण अतिशय सावकाश. बाहेर बाकड्यांवर ही गर्दी. मला गप्प बसवत नाही हे तू जाणतेस. शेजारच्याला विचारलं, काय होतंय, कधीपासून, पूर्वी झालं होतं का, घरात आणखी कुणाला आहे का. त्याचं झालं की पुढच्याला. माझा नंबर लागला तेव्हा मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं की त्या हिरव्या शालीतल्या आजींना आधी घ्या, त्यांना जिना चढताना धाप लागते आणि पाय सुजतात, आणि कोपऱ्यातल्या शिंपीकाकांचं पोट औषधाने बरं व्हायचं नाही, कारण त्यांचं पोट फक्त जावई आला की दुखतं. डॉक्टर चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "और आपको क्या तकलीफ़ है?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मला काही केल्या आठवेना. ताप उतरला होता. दुसऱ्या दिवसापासून मी तिथे कामाला लागलो.

काम असं, की पेशंट आत जाण्याआधी मी त्याच्याजवळ बसायचं आणि त्याची सगळी हकीकत काढून घ्यायची. डॉक्टर याला हिस्ट्री म्हणतात. (शाळेत याच विषयात मी दोनदा नापास झालो होतो, पण तिथे सगळे मेलेले असायचे.) मग नाडी, वजन, ब्लडप्रेशर, आणि आत जाऊन थोडक्यात सांगायचं. थोडक्यात हे मला जमत नाही, पण डॉक्टर म्हणायचे की तेही येईल. सुरुवातीला चुका झाल्या. एका वकीलसाहेबांनी येऊन सांगितलं, "वालिद साहब के दुश्मनों की तबीयत नासाज़ है." मी म्हटलं, चला, बरं झालं. नंतर कळलं की इथल्या जुन्या घरांतून आपल्या माणसाचं दुखणं त्याच्या नावावर घेत नाहीत, तोंडातून तसं निघालं तर खरंच जडेल म्हणून ते दुश्मनांच्या नावावर ढकलतात. म्हातारे वडील बाहेर रिक्षात कण्हत बसलेले होते. वकीलसाहेब माझ्याशी अजून बोलत नाहीत, पण ब्लडप्रेशर मोजायला हात पुढे करतात.

दिवाळीनंतर एकदा डॉक्टरांनी मला बसवून घेतलं. मद्रासला (आता चेन्नई म्हणायचं, पण तुला मद्रासच कळेल) त्यांचा एक मित्र हृदयाच्या मोठ्या दवाखान्यात आहे. तिथे अलीकडे एक शिक्षण सुरू झालंय, त्यातून बाहेर पडतो त्याला फिजिशियन असिस्टंट म्हणतात. डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे, कंपाउंडर तर नव्हेच. पेशंटची हिस्ट्री घ्यायची, तपासायचं, डॉक्टरांना सांगायचं, ऑपरेशनमध्ये शेजारी उभं राहायचं, आणि नातेवाइकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायचं. सगळं डॉक्टरच्या देखरेखीखाली. बारावी सायन्स लागते. (माझी आहे. दोन हप्त्यांत झाली, पण झाली.) वरून ज्याच्या हाताखाली काम केलं त्या डॉक्टरचं शिफारसपत्र. डॉक्टर रस्तोगी म्हणाले, "मियाँ, आपको लोगों से बात करने का मर्ज़ है. इलाज तो है नहीं, इसी का पेशा बना लीजिए." आत्या, मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं की माझ्या या खोडीचा पगार मिळू शकतो.

घरी सांगितलं. आई हरखली. तिने हळदीकुंकवाला सांगायला सुरुवात केली की सुजय "डॉक्टरांच्या हाताखाली" असतो, आणि त्यातलं "हाताखाली" ती इतक्या हळू म्हणते की अर्ध्या बायका मला आपापल्या पायांच्या शिरा दाखवायला लागल्या. बाबांनी मात्र सगळं शांतपणे ऐकलं, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "विमानात को-पायलट असतो. दोघांपैकी एकाला काही झालं तर दुसरा विमान उतरवतो. तुझ्या डॉक्टरला काही झालं, तर तू काय उतरवणार?" मी म्हटलं, मी दुसऱ्या डॉक्टरला बोलावणार आणि त्याला सगळं नीट सांगणार. म्हणाले, "म्हणजे टेलिफोन ऑपरेटर." अवनी म्हणाली, "पापा, लेट हिम ट्राय ना," तर म्हणाले, "ट्राय करण्यात याची पंचविशी येईल. एक तर डॉक्टर व्हायचं, नाही तर व्हायचं नाही. मधल्या जागी उभं राहणाऱ्याला दोन्हीकडचे ढकलतात." मी आयुष्यभर मधल्याच जागी उभा आहे आणि त्यांचं म्हणणं तसं खरं आहे.

शेवटी तोडगा निघाला. निशातगंजला आपल्या मराठी मंडळाचा हॉल आहे, आणि रिटायर झाल्यापासून बाबा मंडळाचे कार्यवाह आहेत. (म्हणजे खुर्च्या तेच मांडतात आणि तेच मोजतात.) डॉक्टर म्हणाले, तुमच्या लोकांसाठी एक तपासणी शिबिर घेऊ, ब्लडप्रेशर आणि उपाशीपोटीची साखर. मी यंत्र आणतो, पट्ट्या आणतो, बाकी सगळी जबाबदारी सुजयची. हे नीट पार पाडलं तर पत्र लिहून देतो. बाबा म्हणाले, ठीक आहे, हे नीट पार पाडलं तर मीही मद्रासला ना म्हणणार नाही. असे दोन्ही बाजूंचे दोन मोठे लोक एका वाक्यावर येऊन थांबले. उरला होतो मी.

आता माझी बुद्धी बघ. उपाशीपोटी साखर तपासायची म्हणजे सगळ्यांना सकाळी उपाशी आणायचं. मराठी माणसाला चहाशिवाय घराबाहेर काढणं सोपं आहे का? मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग एकदम उजेड पडला. महाशिवरात्र. सुट्टीही असते, हॉलमध्ये सकाळी अभिषेक असतो म्हणून सगळे आपणहून येतात, आणि लहानथोर सगळ्यांना उपवास असतो. आयते उपाशी. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी माझी पाठ थोपटली. (त्यांच्या आई महाशिवरात्रीला संध्याकाळपर्यंत पाण्याच्या घोटावर राहतात. त्यांना उपवास म्हणजे तोच माहीत.) त्यांनी बजावलं, फिर भी, एकेकाला सांगून ठेवा की रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. मी हो म्हणालो, आणि मंडळाच्या फळ्यावर लिहिलं: "महाशिवरात्रीचा उपवास असल्याने सर्वांनी तसेच यावे, रक्त तपासले जाईल." एकेकाला सांगायला निघालो होतो, पण पहिल्याच घरी पंढरीनाथकाकांकडे (हे संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ, नुकतेच रिटायर झालेले) मुंगूस सापाच्या विषाने का मरत नाही यावर विषय गेला, आणि पुढची घरं राहिली. त्यांनाही सांगायचं राहिलंच.

घरात मात्र सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे, जेवताना बाबांनी उलटतपासणी घेतली. "सूचना काय आहेत? नीट सांग. सूचना म्हणजे सूचना." मी सांगितलं, रात्रीच्या जेवणानंतर काही नाही, सकाळी चहा नाही, दूध नाही, फळ नाही, फक्त पाणी चालेल. "पाणी चालेल?" असं त्यांनी एकदा विचारून घेतलं. मग हूं म्हणाले आणि ताकाचा पेला पुढे केला. आई तेव्हा रताळी सोलत होती, तिचं लक्ष नव्हतं. अवनी म्हणाली, मेरा तो व्रत ही नहीं है, मैं आऊँगी ही नहीं.

महाशिवरात्रीच्या सकाळी अभिषेक झाला. डॉक्टर यायचे होते नऊला, पण लखनौचे नऊ हे नऊच्या पुढे कधीही वाजू शकतात. मी विजेची वायर आणायला बाहेर पडलो (हॉलमधला प्लग यंत्राच्या टेबलापासून लांब होता), दुकानदाराच्या मेहुण्याचं लग्न मोडलं होतं, ते ऐकून परत आलो तेव्हा हॉलमध्ये फराळाच्या पंगती चालू होत्या. सुलभाकाकूंचं (महिला समितीच्या अध्यक्षा, दिलदार बाई) सगळं कसं भरघोस असतं. साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा गूळ घातलेला कीस, बटाट्याची भाजी, केळी, खजूर, वर चहा. बाबा खुर्च्या लावत घामाघूम होऊन उभे होते, हातात काकूंनी दिलेली खिचडीची भरली ताटली. मला बघितल्यावर ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "धर, हे संपव. मला कामं आहेत." मी तिथेच भिंतीला टेकून संपवली. वर ओलं खोबरं होतं, आत्या, आणि लिंबू पिळलेलं. मी दुसरी घेतली.

आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. हे तू समजून घे, बाकी कुणी घेत नाही. मी तिथे उभा राहून उपाशीपोटीच्या तपासणीची वाट बघत खिचडी खात होतो, माझ्यासमोर अख्खं मंडळ खात होतं, आणि मला वाटत होतं की सगळं कसं छान, सगळे उपाशी आहेत. कारण त्यांना उपवास होता. उपवासाला खिचडी खाल्ल्याने उपवास होतो, मोडत नाही, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं असतं. त्याच्या आत साखर जात असेल हा विचार आपल्या कुळात कुणाला शिवलेला नाही.

डॉक्टर आले. टेबल मांडलं, मी एकेकाला बसवून बोटाला सुई टोचत होतो, डॉक्टर यंत्रातला आकडा बघत होते. पहिले पंढरीनाथकाका. डॉक्टरांनी आकडा बघितला, काकांकडे बघितलं, "खाली पेट हैं न?" असं विचारलं. काका म्हणाले, "हां हां, उपवास है." दुसऱ्या सुलभाकाकू. "उपवास?" "कडक," काकू म्हणाल्या. मग त्यांच्या जाऊबाई, मग त्यांचे यजमान. एकापेक्षा एक चढे आकडे. डॉक्टरांचा चेहरा उतरत चालला. बाबा आले तेव्हा तर यंत्राने दोनशेच्या वरचा आकडा दाखवला, डॉक्टरांनी यंत्र थोपटून पाहिलं, पण मागे रांग होती. शेवटी त्यांनी यंत्र खाली ठेवलं आणि उभे राहून सगळ्यांना उद्देशून बोलायला लागले. म्हणाले की मी इतकी वर्षं प्रॅक्टिस करतोय, पण एका समाजात, एका छताखाली, इतके मधुमेही मी पाहिलेले नाहीत. हे रक्तातून उतरत आलेलं असणार. यावर अभ्यास झाला पाहिजे, दिल्लीला कळवलं पाहिजे. हॉलमध्ये सुतकी चेहरे. एक वहिनी तर रडायला लागल्या. पंढरीनाथकाकांनी शास्त्रज्ञ या नात्याने उभं राहून सांगितलं की याचं मूळ दख्खनच्या पाण्यात असावं.

तेवढ्यात सुलभाकाकूंना वाटलं की आपण मधुमेही असलो म्हणून काय झालं, पाहुणा उपाशी जायला नको. त्या ताटली भरून घेऊन आल्या. "डॉक्टरसाहब, लीजिए ना, उपवास का है." डॉक्टरांनी ताटलीकडे बघितलं. चमच्याने साबुदाणा उचलला. खालचा बटाटा बघितला. "यह कब बनी?"

"सुबह. सबका हो गया," काकू प्रेमाने म्हणाल्या, "बस आपही रह गये."

आत्या, त्यानंतर हॉलमध्ये जे हसू उसळलं ते निशातगंजच्या चौकापर्यंत गेलं असेल. रडणाऱ्या वहिनी सगळ्यांत जास्त हसल्या. मृत्यूच्या दारातून सुटल्यावर माणसं हसतात तसं सगळे हसले, आणि मग केळी वाटली गेली. बाबा तर सगळ्यांत पुढे. टेबलावर हात मारून म्हणाले, "मी दोन ताटल्या हाणल्या होत्या, मला तर तीनशे यायला पाहिजे होती." तेव्हापासून मंडळात माझं नाव साबुदाणा पडलं आहे. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पेटी आवरली, वायर गुंडाळली, आणि मला कोपऱ्यात घेऊन फार हळू आवाजात (ते रागावले की अदब वाढते) म्हणाले, "जनाब, आप मरीज़ से उसकी सास के पीलिया तक का हाल पूछ लेते हैं. आज एक सवाल पूछना था. सुबह से क्या खाया." मग म्हणाले, पत्राचं आत्ता राहू द्या. बाबांनी मला स्कूटरवर बसवून घरी आणलं. घरी आल्यावर माठातून दोन पेले पाणी प्यायले आणि म्हणाले, "झालं ते झालं. स्टेशनच्या कॅन्टीनमध्ये स्टोअरकीपरची जागा आहे, विजय वाघ सांगत होता. सोमवारी जाऊन भेट." विजय वाघ म्हणजे त्यांचा जुना युनिटमधला मित्र, त्याला भेटायचं म्हणजे दाढी करावी लागते.

तर अशी परिस्थिती आहे. मद्रासच्या मुलाखती मे महिन्यात आहेत. शिफारसपत्र नाही, परवानगी नाही, आणि अब्रू साबुदाण्यात गेली. मला झोप लागत नाही. मी कुठेच टिकलो नाही, पण त्या बाकड्यांवर बसून माणसांना "मग पुढे काय झालं" विचारताना मला पहिल्यांदा वाटलं होतं की मी कुठेतरी पोचलोय. आता दवाखान्यात गेलो की डॉक्टर मला फक्त वजनाच्या काट्याशी उभं करतात. लोक काट्यावर चढतात, उतरतात, मी आकडा सांगतो. कुणाला काही विचारायचं नाही अशी आज्ञा आहे. काल एक बाई वजन करून उतरताना म्हणाल्या, "भैया, सुनिए," आणि मी तोंड फिरवलं. तुझ्या भाच्याने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं ऐकायचं नाकारलं, आणि याला शिस्त लागणं म्हणतात.

म्हणून हात जोडून एवढीच विनंती, की तू बाबांना एक पत्र टाक. तुझ्या शब्दाबाहेर ते कधी गेले नाहीत. त्यांना लिही की मधल्या जागेवरच्या माणसाचाही उपयोग असतो, पोराला एकदा मद्रासला जाऊ द्या. कसं लिहायचं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

आई, अवनी तुला नमस्कार सांगतात. (अवनी हिंदीत.)

तुझा काठावरचा भाचा,
सुजय

ता. क. एका पापडावर माझ्या कोपराचा ठसा उमटलाय. आई तो तुझ्यासाठी पाठवणाऱ्या डब्यात घालणार आहे. तळताना सांभाळून.

ता. क. पत्र बंद करून ठेवलं होतं, आज मंगळवारी पुन्हा उघडून वर आलो आहे. वर मद्रासबद्दल जे लिहिलं ते सगळं खोडायला हवं, पण मग पत्र उरतच नाही, म्हणून तसंच ठेवतो. तू फक्त त्यातलं काही करू नकोस. बाबांना मद्रासचं लिहू नकोस. एका वेळी दोन गोष्टी सांगितल्या तर ते दोन्हीला नाही म्हणतील, आणि मला दुसरीला हो पाहिजे आहे.

ती दुसरी अशी. बाबा म्हणाले, दोन ताटल्या हाणल्या. त्यांना मिळालेली एकच ताटली होती, आणि ती मी खाल्ली. त्यांच्या हातून घेतली तेव्हा चमचा कोरडा होता. मी काल वजनाच्या काट्याशी उभा असताना हे माझ्या डोक्यात आलं, आणि मग मी आईला विचारलं. आई म्हणाली, सकाळी चहाही नको म्हणाले होते, म्हटलं शिबिराची गडबड असेल. आत्या, त्या अख्ख्या हॉलमध्ये मी सांगितलेलं तंतोतंत ऐकणारा एकच माणूस होता. बाकीच्यांची साखर सुलभाकाकूंची होती. त्यांची त्यांची आहे. आणि त्यांना ते त्या क्षणी कळलं होतं, म्हणून ते सगळ्यांत मोठ्याने हसले. माठ, पट्ट्याचं भोक, हे सगळं मी वर गंमत म्हणून लिहिलं आहे. पुन्हा वाचून बघ, म्हणजे तुला अण्णांच्या मधुमेहाचं पहिलं वर्ष आठवेल. पुढे त्यापायी त्यांचा पाय काढला तेव्हा बाबा दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिले होते, वर आले नव्हते, हे तूच मला सांगितलं होतंस.

आज सकाळी डॉक्टरांच्या घरी जाऊन मी हे सांगितलं. (थोडक्यात सांगितलं. जमलं.) त्यांनी बाबांचा शिबिरातला आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाले, ले आइए उनको. मी म्हटलं, माझ्या सांगण्याने ते यायचे नाहीत. म्हणाले, फिर किसके कहने से आएँगे? पत्राचं मी विचारलं नाही.

इथे आपल्या माणसाचं दुखणं त्याच्या नावावर लिहीत नाहीत. मीही लिहिणार नाही. बाबांच्या दुश्मनांना साखर आहे. तू ये. गुडघ्यांचं निमित्त कर, लखनौला डॉक्टर चांगला आहे म्हण, आणि सोबत म्हणून दवाखान्यात बाबांना घेऊन चल. बाकड्यावर तुझ्या शेजारी बसव, पुढचं मी बघतो. रात्री नुसतं त्यांच्या कानावर घाल की सकाळी उपाशीपोटी जायचं आहे. चहा नाही, दूध नाही, फळ नाही, हे सगळं त्यांना समजावत बसू नकोस. एकदा सांगितलेलं त्यांच्या लक्षात आहे.